तोंडाला हात लावायचा नाही

अण्णा, तुमच्या दुकानात सध्या एक मेलेला माणूस पापण्या हलवत बसलाय. दुपारची वेळ आहे, बाहेर रिक्षावाल्यांची भांडणं चालू आहेत, समोरचा भेळवाला कांदा चिरतोय, आणि हा कंप्युटरच्या पडद्यावरून माझ्याकडं बघत मधूनच श्वास घेतो. मी त्याला सध्या काही बोलायला दिलेलं नाही. पण या प्रोग्रामची खोड अशी की वाक्य दिलं नाही तरी चेहरा थांबत नाही. मान जराशी कलते, पापणी लवते, छाती वरखाली होते. बंद करायला गेलं की विचारतं, हे कायमचं पुसायचं का, आणि माझा हात अडतो. शेवटी आत्ता मी पडद्यावर टॉवेल टाकला. टॉवेलाखाली तो हलतोय हे मला माहीत आहे, त्यामुळं फार फरक पडला नाही. आज त्याच्या शेजारी कागद घेऊन बसलेय, कारण या धंद्यातलं विचारायला मला दुसरं कुणी उरलेलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा दुकानात रोलचाच कॅमेरा होता, म्हणून आधी सांगते काय चाललंय ते. आता फोटो काढायला कुणी येत नाही, ज्याच्या त्याच्या मोबाइलात कॅमेरा आहे. पासपोर्टचे फोटो, झेरॉक्स यावर दुकान रडतखडत चालतं. अलीकडं एक नवीन काम आलंय. घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो आणि त्याचा थोडासा आवाज लोक आणून देतात, आणि मी त्या माणसाला बोलतं करते. लग्नात मोठ्या पडद्यावर बाप येऊन लेकीला आशीर्वाद देतो. वास्तुशांतीला आजी येते नि म्हणते, घर छान झालं रे. लोक ढसाढसा रडतात आणि घरी जाऊन आपलं माणूस घेऊन माझ्याकडं येतात. लई चालतं हे. तुम्ही असता तर माझ्यासकट शटर खाली ओढलं असतं, तेही ठाऊक आहे मला.

पण तुम्हीही मेलेल्यांचंच काम करत होता, म्हणून तर मला हे धाडस झालं. तेव्हा खेड्यातला माणूस जन्मात एखादा फोटो काढायचा, कित्येक तर तेवढाही नाही. मग माणूस गेला की सोयगावकडून जीप यायची आणि तुम्ही कॅमेरा घेऊन निघायचा. भिंतीला टेकवून बसवलेल्या त्या माणसाचा फोटो काढून आणायचा आणि घरी बसून त्याचे मिटलेले डोळे ब्रशानं उघडायचे, म्हणजे घरच्यांना भिंतीवर लावून हार घालता येतो. उजेड चांगला म्हणून तुमचं टेबल स्वयंपाकघरातल्या खिडकीशी. आई भाकरी थापतेय, मी परातीशेजारी बसून जेवतेय, आणि डोक्यावर दोरीला चिमट्यांनी अडकवलेली ओली माणसं लोंबतायत. आई म्हणते, ‘‘मढ्यांच्या पंगतीत लेकरू जेवू घालायचं नशिबी आलं माझ्या.’’ तुम्ही मान वर न करता म्हणता, ‘‘ते काय मागत नायत तुला. मला वाढ.’’

एका बाईचे डोळे कसे होते हे तिच्या नवऱ्याला सांगताच येईना. चांगले होते, एवढंच म्हणायचा तो. तुम्ही चिडलात. ‘‘चांगले म्हंजी कसे? म्हशीचे बी चांगलेच असतात.’’ त्याला परत पाठवून तिच्या सख्ख्या बहिणीला घेऊन यायला लावलंत, तिला खिडकीत बसवलंत आणि तिच्याकडं बघत बघत त्या बाईचे डोळे उघडलेत. बहीण बिचारी पाणी प्यायलाही उठली नाही.

आणि मी शाळेत असतानाची ती दुपार. तुम्ही बाहेर गेलेले. एका म्हाताऱ्याची लेक फोटो न्यायला आलेली, म्हणाली, पोरी, जरासं हसरं कर ना माझ्या बापाला. मी ओठांच्या कोपऱ्यांना ब्रश टेकवला आणि म्हातारा हसला. ती खूश, मी खूश. तेवढ्यात तुम्ही आलात. फोटो बघितलात, ओला कापूस घेतलात आणि ते हसू पुसून टाकलंत. त्या बाईला विचारलंत, ‘‘तुमचे वडील हसायचे का?’’ तिनं मान हलवली. ‘‘नाय ना? मंग आता कशापायी?’’ ती गेल्यावर मला म्हणालात, ‘‘डोळे मी उघडतो, ते त्याचे उघडेच व्हते. तोंडाला हात लावायचा नाय. तोंडानं माणूस बोलतो, आन त्याला बोलायचं ते त्यानं बोलून घेतलंय.’’ मला तेव्हा फक्त राग आला होता. हसू छान जमलं होतं माझं.

आता या टॉवेलाखालच्या माणसाबद्दल. बजाजनगरातली एक बाई आली होती. नवरा वाळूजला कंपनीत होता, अचानक गेला. एकुलती एक लेक, तिचं लग्न ठरलेलं. बाईनं नवऱ्याचा मोबाइल अजून चालू ठेवलाय, दर महिन्याला रिचार्ज मारते. त्यात त्यानं पाठवलेले आवाज होते. गॅस आला का गं. शिफ्ट वाढली, जेवून घ्या. येताना कोथिंबीर आणू का. हे एवढंच बोलायचा तो माणूस. त्या कोथिंबिरीतून मी त्याला उभा केला आणि लेकीला ‘सुखी राहा’ म्हणायला लावलं. मंगल कार्यालयात पडद्यावर तो आला तेव्हा अक्षता हातात घेतलेली माणसं तशीच उभी राहिली. मुलीचे सासरे सोयगावचे शेतकरी, पटका बांधलेले, उंच. ते पुढं गेले आणि पडद्यासमोर वाकून व्याह्याला नमस्कार केला. मी मागं उभी होते. अंगावर काटा आला माझ्या, आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला.

दोन महिन्यांनी बाई परत आली. म्हणाली, ‘‘ताई, अजून एक वाक्य पाहिजे यांच्या तोंडून. पोरगी घरी यायचं म्हणती. त्यांना म्हणू द्या, आता तेच तुझं घर, तिथंच नांद.’’ मी विचारलं, का यायचं म्हणते? बाई पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, ‘‘जावई हात उचलतो कधीमधी.’’ मी म्हटलं, हे मी करणार नाही. तिनं रडून बघितलं, मग रागावून बघितलं. एकटी बाई मी, लोक मला खातील, दोन महिन्यांत पोरगी परत आली म्हणतील. मी नाहीच म्हणाले आणि त्या दिवशी तुमच्या फोटोकडं ताठ मानेनं बघितलं. पण तेवढ्यानं भागत नाही, अण्णा. लग्नातला व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलात आहे. आता असले प्रोग्राम मोबाइलातच मिळतात, त्यात तो चेहरा टाकला आणि वाक्य लिहिलं की झालं. बाईनं कुणाकडून तरी करून घेतलं आणि नवऱ्याच्या नंबरावरून लेकीला पाठवलं.

हे मला कळलं ते मुलगी स्वतः दुकानात आली तेव्हा. परीक्षेच्या पेपरसाठी तिला एक दिवस शहरात सोडलं होतं. आईकडं डोकावून, कपाटातला बापाचा मोबाइल पर्समध्ये टाकून ती थेट इकडं आली. तिचं मनगट सुजलेलं होतं, बांगड्या वर सरकवून ठेवल्या होत्या. तिनं मला व्हिडिओ दाखवला. माझाच माणूस, माझ्याच हातचा चेहरा, आणि म्हणतोय, तिथंच नांद बेटा. मी म्हटलं, अगं हे खोटं आहे. ती म्हणाली, ‘‘माहितीय ना काकू. मम्मीनंच केलंय, मला काय कळत नाही का? पण दिवसातून चार वेळा बघते आणि गप बसते.’’ मग म्हणाली, पंचमी आलीय. गल्लीतल्या सगळ्या सुना माहेरी चालल्या. मला कोण नेणार? माहेरून न्यायला मुराळी आल्याशिवाय सासरे पाठवत नाहीत, आमच्यात तशीच रीत आहे. भाऊ नाही, आणि मम्मी येणार नाही. तुम्ही पप्पांना एकदा न्यायला येऊ द्या.

मला ‘नाही’ म्हणता येत होतं. नाही म्हणायचं कारणही तुम्ही मला केव्हाच दिलेलं होतं. मी तिच्या मनगटाकडं बघितलं आणि खुर्ची ओढली. वाक्य तिला लिहवेना, मीच लिहिलं. ‘व्याही, पंचमी आली. लेकीला धाडा. मी न्यायला आलोय.’ तो बोलला. कोथिंबीर आणू का म्हणायचा त्याच सुरात बोलला, आणि मुलगी तोंडावर ओढणी धरून उभी राहिली. तिथंच, बापाच्या मोबाइलवरून, तिनं ते सासऱ्यांना पाठवलं. थोड्या वेळात दोन निळ्या खुणा आल्या आणि खाली जोडलेले हात. ‘बरं व्याही.’ मोबाइल तिनं माझ्याकडंच ठेवला. मम्मीच्या हाती लागू देऊ नका म्हणाली.

आणि त्यांनी पाठवली तिला. तिनं नंतर सांगितलं, निघायच्या दिवशी सासऱ्यांनी पाट मांडला, पाटावर आपला मोबाइल उभा केला, त्यात तो व्हिडिओ लावला आणि समोर ताट वाढलं. पुरणाची दिंडं, वर तूप. म्हणाले, न्यायला आलेला माणूस उपाशी कसा लावायचा? नवरा दारात उभा राहून बघत होता, पण बापापुढं बोलायची त्याची टाप नाही. ताटावर माशी बसली तर सासू पदरानं वारा घालत होती. मग ओटी भरून तिला एसटीत बसवलं. हे ऐकून मी हसले आधी. मग पाणी प्यायले.

खरी भीती तिथून पुढं लागली. मेलेल्या माणसाचा मोबाइल माझ्या काउंटरवर, आणि त्याला निरोप यायला लागले. रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात. मग, पोरगी बरी हाय का. मी उघडून बघितलं की तिकडं सोयगावला तो ऑनलाइन दिसणार, म्हणून मी उघडायचंच नाही ठरवलं, आणि दिवसभर उघडतच राहिले. एकदा न राहवून ‘हो, बरी आहे’ लिहिलं. लिहिताना मी कोण होते, अण्णा? त्यावर सासऱ्यांचा आवाज आला, लांबलचक. ‘‘व्याही, पोराचं चुकतंय. मी बोललो त्याला, पण माझं ऐकत नाय. तुम्ही असता तर दोघांनी मिळून कान धरला असता. मला बी कळतं हे कंप्युटर हाय, एवढा येडा नाय मी. पण तुम्हाला नाय म्हणायची माझी छाती नाय. पोळा झाला की न्यायला येऊ का, तेवढं सांगा.’’ तो म्हातारा मनातलं बोलत होता आणि ऐकत मी होते, दार लावून. मग एक दिवस व्हिडिओ कॉल आला. सासऱ्यांचा गॉगल लावलेला फोटो स्क्रीनवर, खाली ‘व्याही सोयगाव’, आणि मोबाइल काउंटरवर थरथरत पुढं सरकतोय. मी तो गल्ल्यात टाकला तर गल्ल्यातही वाजत राहिला.

मग ती बाई आलीच. लेकीनं सगळं सांगून टाकलं होतं. दुकानात गिऱ्हाईक होतं, तिनं कुणाकडं बघितलं नाही. ‘‘माझा नवरा माझ्यावर उलटवलात तुम्ही, ताई.’’ मी म्हटलं, तुम्ही त्यांच्या तोंडून नांद म्हणवलंत, ते? ‘‘ते येगळं. मी बायको हाय त्यांची. ते काय म्हणले असते मला माहितीय.’’ मी विचारलं, काय म्हणले असते? ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, ‘‘ते म्हणले असते, कोथिंबीर आणू का.’’ आणि हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, गिऱ्हाइकानं फोटो न घेताच काढता पाय घेतला. मी गल्ल्यातून मोबाइल काढून तिला दिला. तिनं तो पदरानं पुसला.

पोळा झाल्यावर सासरची माणसं आली. मुलीनं मला बोलावलं होतं, काकू तुम्ही या. मी गेले. बजाजनगरातली दोन खोल्यांची जागा, सतरंजीवर सासरे, जावई, त्यांच्या गावचा आणखी एक माणूस. मुलगी दारापाशी. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं, आणि सासरे म्हणाले, चला मंग, आवरा सूनबाई. मुलगी दारातून हलली नाही. तेव्हा मी म्हटलं, ती येणार नाही. सासऱ्यांनी माझ्याकडं वळून बघितलं, अगदी अदबीनं विचारलं, ‘‘तुम्ही कोण तिच्या?’’

अण्णा, त्या माणसाच्या तोंडातला शब्द न् शब्द माझा होता, त्या शब्दावर ही माणसं ताट वाढत होती, लेक धाडत होती. आणि मी माझ्या तोंडानं बोलले तर, तुम्ही कोण. मी म्हटलं, मी फोटोवाली. गावचा माणूस गालात हसला. सासरे बाईकडं वळले. म्हणाले, ‘‘व्याही काय म्हणतात? त्यांना इचारा. ते धाड म्हणले, मी धाडली. आता ते म्हणतील तसं.’’ सगळ्यांची नजर बाईच्या हातातल्या मोबाइलवर. बाईनं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं मी काही तरी करीन, तो बोलेल. मी खाली बघितलं. तेवढ्यात माझ्या डोक्यात वाक्य तयार व्हायला लागलं होतं.

बाईनं मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. म्हणाली, ‘‘ते गेलेत, व्याही. मी जाळून आले त्यांना. ते काय सांगणार? तिला इचारा.’’ मुलगी एवढंच म्हणाली, ‘‘मी नाय येणार.’’ आवाज इतका बारीक की सासऱ्यांना ऐकू गेला नाही, तिला परत म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणताना तिनं बांगड्या मागं सारल्या आणि हात पुढं केला. सासरे त्या हाताकडं बघत राहिले. मग टोपीसारखा पटका डोक्यावर दाबून उठले, लेकाला म्हणाले, चल. जावई जाताना दारातून म्हणाला, दसऱ्यानंतर बघतो.

तर आता दसऱ्याची वाट बघणं आहे. मुलगी आईपाशी आहे, शेंद्र्याला एका कंपनीत तिला काम बघतायत. आई म्हणते, पुसून टाका ताई यांना. मुलगी म्हणते, राहू द्या काकू, बोलायला लावू नका, नुसते राहू द्या. आणि मी दोघींना हो म्हणून बसलेय. पुसलं तरी काय होणार, चेहरा जावयाच्याही मोबाइलात आहे. उद्या त्यानं त्यात काहीही लिहिलं तर तो माणूस तेही त्याच मायेनं बोलेल. दुकानाबाहेर कुणाचा मोबाइल वाजला तरी मी दचकते. तुम्ही उघडलेले डोळे भिंतीवर गप बसून राहायचे, आमचं काम असं घरोघर फिरत सुटतं.

तुम्ही असता तर मला काय म्हणाला असता हे मी किती दिवस जुळवून बघतेय. पोरगी वाचली हे खरं. पण मेलेल्या माणसाच्या तोंडी मी खोटं घातलं, हेही खरं आहे. यातलं कुठलं तुम्ही आधी बोलला असता, ते मला काही केल्या कळत नाही. हा कागद तर कुठं टाकायचा नाहीच, घडी करून जाळून टाकीन. पण एक सांगून टाकते. तुमचा आवाज सापडलाय मला. कुणाच्या तरी जुन्या लग्नाची कॅसेट उतरवून घेत होते, त्यात नवरानवरीचा फोटो काढताना मागून तुम्ही बोलताय. ‘‘मान वर. अजून जरा. हां, बस.’’ प्रोग्राम म्हणतो, एवढा पुरेल. फोटोही चढवून झालाय. वाक्य लिहायची चौकट रिकामी आहे. त्यात मी ‘बरं केलंस’ लिहिलं की तुम्ही लगेच म्हणाल, जन्मात कधी म्हणाला नाहीत ते, वर मान हलवून म्हणाल. कुणी विचारलं तर मी सांगते, अण्णांची शिकवण आहे, म्हणून घरच्या माणसाचं करत नाही. तसं काही नाही. तुम्ही समोर बसून बोलाल आणि मला रागावणार नाही, तेवढं मला सहन होणार नाही.